झडप कोणी फिरवली

मंडळी, बसून घ्या. मागं उभे असलेले पुढं या. कापसाच्या गाठींवर बसलात तरी मालक आज रागावणार नाहीत, त्यांच्याकडं मी बघतो.

पोलिसांचे अमीनसाहेब, काझीसाहेब, मास्तर, जिनिंगचे मालक, बाजारपेठेतले भाऊबंद, आणि बीडहून आलेले मिस्त्रींचे सोयरे. मी दादाराव, बापूसाहेब देशमुखांचा थोरला. माझ्या डोक्यावर अजून केस आलेले नाहीत, ते तुम्हाला दिसतंच आहे. एकाच दिवशी या गावातून दोन माणसं गेली. पहाटे माझे वडील. आणि दिवस मावळताना घाटाखालच्या वीजघराचे कासीम मिस्त्री. वडिलांचं वय झालं होतं, अंथरुणाला खिळले होते. त्यांचं दुःख आहे, पण ते सरळ आहे, रडलो की हलकं होतं. मिस्त्रींचं तसं नाही. मला सभेत बोलायची सवय नाही, चावडीत भांडायची आहे. आवाज चढला तर माफी असावी.

मघाशी मास्तर म्हणाले, कासीम मिस्त्री फार नम्र होते. मास्तर, तुमचं मन मोठं, पण हे खरं नाही. ज्यानं मिस्त्रींबरोबर एक दिवस काढला असेल, तो तरी असं म्हणेल का? ते गर्विष्ठ होते. लई गर्विष्ठ होते. ईदला शेरवानी घालून निघाले की बाजाराच्या मधोमध चालायचे, गाडीवाल्यांनी बैल बाजूला घ्यायचे. कानात अत्तराचा फाया. यंत्राला हात लावायच्या आधी बाह्या अशा दुमडायचे, की बघणाऱ्यानं पान थुंकून नीट उभं राहावं. कोणी विचारलं, मिस्त्री, हे काम आणखी कोणाला जमेल का, तर म्हणायचे, "इस जिल्हे में तो नै." आणि ते खरं होतं. त्यामुळं त्यांच्याशी भांडताही येत नसे.

त्यांचा हा गर्व मला आवडायचा असं मी म्हणणार नाही. डोक्यात जायचा. पण मंडळी, गरिबाघरच्या माणसानं सगळा जन्म घालून कमावलेली ती एकच चीज होती. आज मी तिच्याबद्दल बोलायला उभा आहे.

बीडच्या पाहुण्यांनी आमचं वीजघर पाहिलं नसेल, म्हणून सांगतो. गाववाल्यांनी जरा दम धरावा. वर डोंगराच्या माथ्यावर ओढ्याला दगडी बांध घातलाय. त्या तळ्यातून पाट काढून कड्याच्या तोंडाशी हौद बांधलाय. हौदापासून खाली दरीपर्यंत लोखंडी नळ उतरलाय. रांजण आत मावेल एवढा जाड. तुकड्यातुकड्यांनी बैलगाड्यांवर आला, इथं जोडला. त्याच्या तोंडाशी खाली वीजघर. तिथं एक झडप, आणि झडप उघडायला-मिटायला हातानं फिरवायची लोखंडी चक्री. झडप उघडली की पाणी बारीक तोंडातून सुटतं आणि मोठ्या चाकाच्या वाट्यांवर आदळतं. चाक फिरतं. चाकाच्या दांडीवर डायनामो फिरतो. त्यातून वीज निघते, ती तारांवरून इथं जिनिंगला येते, बाजारातल्या दिव्यांना जाते, दवाखान्यात जाते. पावसाळ्यापासून शिमग्यापर्यंत हे चालतं. पुढं तळं आटतं आणि मिस्त्री सगळं उघडून तेलपाणी करत बसतात. बसायचे.

हे सगळं मला कसं कळलं? माझ्या वडिलांमुळं. वडील पहिल्या वर्षी या वीजघराच्या विरोधात होते. ओढ्याचं पाणी आमच्या मळ्याला यायचं. वडील काठी टेकत वीजघरात गेले आणि मिस्त्रींना म्हणाले, "आमच्या पाण्यातनं तुम्ही वीज काढून घेता. मग आमच्या उसाला मागं काय उरतं?" मी बरोबर होतो. मला वाटलं आता मिस्त्री खेकसणार. ते खेकसले नाहीत. त्यांनी वडिलांना बाकावर बसवलं, स्वतः समोर उकिडवे बसले आणि विचारलं, "देशमुखसाहेब, आपके बावडी पे मोट हाय ना? बैल धावेवरून खाली उतरतो तवा मोट वर येते. तुमी बैलातनं काय काढून घेता?"

वडील म्हणाले, "दम."

"मग बैल कमी झाला का? संध्याकाळी कडबा खाल्ला की फिर खडा. पाण्याचं बी तसंच. पाण्याचा दम त्याच्या उंचीत. वरून खाली आलं, दम चाकाला दिला. पाणी तेवढंच, तुमच्या पाटात चाललं. पुन्हा ढगानं वर नेलं की पुन्हा दम आला."

वडिलांनी चाकाकडं बघितलं. मग म्हणाले, "आणि त्या दमाची वीज कशी होते?"

मिस्त्रींनी त्यांना डायनामोजवळ नेलं. आत लोहचुंबक फिरतो, भोवती तांब्याच्या तारांची वेटोळी आहेत, चुंबक फिरला की तारेत वीज जागी होते, थांबला की निजते. वडिलांनी विचारलं, "ती जागी का होते?" मिस्त्री म्हणाले, "ते अल्लाला ठाऊक आणि मला. सांगून तुमाला कळायचं न्हाई." झालं, वडील भडकले. दोघं कडाकडा भांडले. आणि दुसऱ्या दिवसापासून वडील रोज दुपारी वीजघराच्या ओट्यावर जाऊन बसायला लागले. तिथं नळाच्या तुषारांचा गारवा असायचा. पान खायचे, भांडायचे, परत यायचे. आम्ही घरी म्हणायचो, बापूंना आता मिस्त्रीशिवाय जेवण पचत नाही.

तर हे दोघे असे होते. एकाला जाळून मी दुसऱ्याच्या खाटेपाशी गेलो. त्या दिवसाचं सांगतो. पण त्याआधी आमची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिथंच अडलंय.

पाहुणे मंडळी, आमच्या गावात मयत झाली की ती वेशीबाहेर जाईपर्यंत गावात काही फिरत नाही. जातं फिरत नाही. तेल्याचा घाणा फिरत नाही. कुंभाराचं चाक थांबतं, मोटेचं चाक थांबतं. माणूस राजा असो की भिकारी, त्याच्यासाठी गाव एवढं करतं. कधीपासून, कोणी घातली ही रीत, मला माहीत नाही. माझ्या आज्यालाही माहीत नव्हतं. पण हिच्यावर कोणी कधी वाद घातला नाही.

मग वीजघराचं चाक आलं. ते सुरू झालं त्याच साली साळ्याची म्हातारी गेली. लोक वीजघरावर गेले, मिस्त्री, चाक थांबवा. मिस्त्री म्हणाले, "क्यूं? जिनिंगवर माणसं हायेत, दवाखान्यात माणसं हायेत. आमच्यात मयत झाली तर आमी काम थांबवत न्हाई, मयत लौकर उचलतो." शब्दाला शब्द वाढला. कोणी म्हणालं, हा परका माणूस, ह्याला आपल्या म्हातारीचं काय. तेव्हा माझे वडील मध्ये पडले. त्यांनी मिस्त्रींना एवढंच म्हटलं, "मिस्त्री, तिच्या दारात कोणी उभं राहत नव्हतं. आज गाव उभं आहे. एवढं तिला मिळू द्या."

मिस्त्रींनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाले, "करतो बंद. पण माझ्या हातानं. आणि माझ्या चालीनं."

त्यांची चाल तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. बाह्या दुमडायचे. चक्रीवर दोन्ही हात ठेवायचे. थोडी फिरवायचे, थांबायचे. नळाला कान लावायचे. डोळे मिटायचे. पुन्हा थोडी फिरवायचे. पुन्हा कान. असं करत करत कधी चाक मंद व्हायचं आणि कधी थांबायचं, कळायचं नाही. लोक वीजघराच्या दाराशी पागोटी काढून उभे राहायचे. कोणी बोलायचं नाही. बायका घरी सांगायच्या, मिस्त्री मुसलमान असून किती मायेनं चाक थांबवतो, जणू मयताला हात धरून वेशीपर्यंत पोचवतो. मग गावात कोणी गेलं की घरचे मिस्त्रींना बोलवायला जायचे, जसं न्हाव्याला जायचं, जसं तिरडी बांधणाऱ्याला जायचं. त्यांना मान मिळाला. ते मानाचे भुकेले होते. त्यांनी तो घेतला.

आता नीट ऐका मंडळी. आपल्याला सगळ्यांना वाटलं ते हळू फिरवणं म्हणजे मान देणं आहे. मलाही वाटलं. वडिलांनाही वाटलं. आणि नामदेवलाही वाटलं.

नामदेव तिकडं भिंतीकडं बसलाय. तोंडावर उपरणं घेऊन. बसू दे त्याला. पाहुण्यांसाठी सांगतो, नामदेव माझ्या वडिलांचा सालदार होता. आमच्याच घरी राबून त्याच्या मिशा पिकल्या. वीजघर झालं तेव्हा वडिलांनीच शब्द टाकून त्याला मिस्त्रींच्या हाताखाली लावलं. मिस्त्री त्याच्यावर दिवसभर ओरडायचे आणि दुपारी आपल्या डब्यातली भाकरी त्याच्या हातावर ठेवायचे.

त्या दिवशी पहाटे माझे वडील गेले. घरात धावपळ. वीजघरावर निरोप कोणी द्यायचा? धाकट्याला वाटलं चुलत्यांनी दिला. चुलत्यांना वाटलं मी दिला. मी वडिलांच्या उशाशी बसलो होतो. असं होतं मयतीच्या घरी, कोणाला बोल लावायचा? वीजघर वस्तीबाहेर, वेशीच्या खाली दरीत. तिकडं कोणालाच कळलं नाही. मिस्त्री सकाळी नळाचा एक जोड झिरपतोय म्हणून वर डोंगरावर बघायला गेलेले. खाली एकटा नामदेव.

त्यानं दारातून पाहिलं तेव्हा तिरडी उठली होती. हलगी वाजत होती. त्याला आधी वाटलं, कोण असेल. मग त्यानं माझं बोडकं डोकं पाहिलं, हातातलं मडकं पाहिलं, आणि त्याला कळलं. त्यानं मला नंतर सांगितलं, रडत रडत सांगितलं. "दादा, मालकाची मयत वेशीकडं निघालती, आन् चाक फिरत हुतं. माझ्या हाताखाली फिरत हुतं. म्या कसं बघू? मिस्त्रीची चाल करायला टाइम न्हवता. म्या म्हनलं मान मागून देऊ, आधी चाक थांबवू."

त्यानं अंगातला सगळा जोर लावून चक्री फिरवली. एका दमात. मिटेपर्यंत.

आम्ही वेशीपाशी होतो. पहिल्यांदा खांदेकऱ्यांपैकी कोणीतरी म्हणालं, घरघर बंद झाली, थांबलं बघा चाक. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. आणि मग डोंगराकडून आवाज आला. हलगीवाल्याचे हात जागीच राहिले. डोंगराच्या अंगावरून पांढरं पाणी उभं राहिलेलं आम्ही सगळ्यांनी पाहिलं. नळ जोडापाशी फाटला होता. मिस्त्री त्याच जोडापाशी होते.

वडिलांना अग्नी देऊन मी ओल्या धोतरानं दवाखान्यात गेलो. सुतकी माणसानं जाऊ नये असं मला सांगण्यात आलं. मी गेलो. मिस्त्री शुद्धीवर होते. छाती दबली होती, बोलताना दम लागत होता. मी विचारलं, "मिस्त्री, हे कसं झालं?" तेव्हा पहिल्यांदा त्यांनी मला सांगितलं. माझ्या वडिलांना त्यांनी जशी मोट सांगितली होती तशी मला बैलगाडी सांगितली. म्हणाले, "देशमुख, घाटाच्या उतारावर भरलेली गाडी सुटलीय. एकदम कासरा खेचला. बैल थांबतील. गाडी थांबंल का? गाडी बैलाच्या अंगावर येईल. नळातलं पाणी म्हंजे ती गाडी. एवढं लांब पाणी, उतारावर. त्याला रोकना नै. मनाना. थोडं मिटायचं, ऐकायचं, पानी शांत झालं की आनखी थोडं."

मी म्हणालो, "मग ते कान लावणं..."

ते हसले. त्या अवस्थेत हसले. म्हणाले, "नळ काय बोलतोय ते ऐकत हुतो. तुमी लोक समजले मी दुवा करतोय." आणि मग म्हणाले, "म्या सांगितलं न्हाई. मला तुमचं ते पागोटी काढून उभं राहणं गोड लागलं. नामदेवला नुसतं आहिस्ता म्हनलो. क्यूं आहिस्ता, ते न्हाई सांगितलं. चूक माझी हाय. त्याला कुणी काय म्हणू नका."

त्यानंतर त्यांच्या बायको, हमीदाभाभी आल्या. दिवस मावळताना मिस्त्री गेले तेव्हा त्यांचा हात भाभींच्या हातात होता.

इथवर तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. आता जे माहीत आहे पण कोणी बोलत नाही ते बोलतो.

उद्या अमीनसाहेब गावच्या जबान्या घेणार आहेत. परवा चावडीत थोर मंडळी बसली. मला सुतक म्हणून बोलावलं नाही, पण निकाल माझ्या कानावर घातला. असं ठरलं की गावानं एकच सांगायचं, झडप मिस्त्रींनीच फिरवली. फिरवून वर बघायला गेले आणि नळ फुटला. नामदेव तिथं नव्हताच. मला म्हणाले, दादाराव, मिस्त्री स्वतःच तर म्हणाले, चूक माझी. आपण त्यांचाच शब्द राखतोय. मेलेल्या माणसाला कोण कोठडीत टाकणार? नामदेवची म्हातारी आई आहे, दोन पोरी लग्नाच्या आहेत. तुमच्याच घरचा माणूस आहे. तुम्ही फक्त सभेत चार चांगले शब्द बोला.

मंडळी, तुमच्या मनात पाप नाही. हे मी अमीनसाहेबांच्या तोंडावर सांगतो. तुम्ही एका जिवंत माणसाला वाचवायला निघालात. मीही रात्रंदिवस तेच घोकत होतो. नामदेव लहानपणापासून माझ्या पाठीवर हात ठेवत आलेला माणूस आहे. त्याला बेडी पडली तर माझ्या घरात चूल पेटणार नाही. मग मी का बोलतोय?

कारण काल हमीदाभाभींचा भाऊ निरोप घेऊन आला. भाभी इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावर घराबाहेर न पडण्याचे ते दिवस, त्या सभेला येऊ शकत नाहीत. त्यांनी ना नामदेवला शिव्या दिल्या, ना माफ केलं. माफ करण्याएवढे दिवस झालेत का? त्यांनी एवढंच सांगितलं, "मेरे मियाँ कू काम नै आता था, ऐसा कोई बोलना नै. बस."

काम येत नव्हतं. तुम्ही उद्या हेच सांगणार आहात. तुम्हाला वाटतं तुम्ही म्हणताय, चूक झाली. पण उद्या वरचे अंमलदार येतील, यंत्रं जाणणारे साहेब येतील. ते ऐकतील की मिस्त्रीनं स्वतःच्या हातानं झडप एका दमात मिटली. ते काय म्हणतील? म्हणतील, हा गाढव होता. ह्याला पहिला धडासुद्धा येत नव्हता. ज्या एका गोष्टीचा त्या माणसाला गर्व होता तीच तुम्ही त्याच्या कबरीवरून उचलून न्यायची. मिस्त्रींनी खाटेवर पडून जी चूक आपल्या अंगावर घेतली ती न सांगितल्याची होती. न येण्याची नव्हती. त्यांनी आपल्याला नामदेवबद्दल दया मागितली. स्वतःचा हात बदनाम करायची परवानगी दिली नव्हती.

आणि खोटं सांगून आणखी काय होईल? नळ पुन्हा जोडतील. नवा माणूस चक्रीवर बसेल. पुन्हा गावात मयत होईल, कारण मयती काही थांबत नाहीत. पुन्हा कोणीतरी धावत जाईल, चाक थांबवा. त्या नव्या माणसाला कोण सांगणार की हळू का फिरवायचं? आपण तर सांगून बसलेलो असू की मिस्त्री चुकला.

रीत ठेवायची का मोडायची, हे मला विचारू नका. मला नाही कळत. मी मोडा म्हटलं असतं. पण माझी आई रोज विचारते, तुझ्या बापाच्या वेळी चाक थांबलं होतं ना रे? मी म्हणतो, हो आई, थांबलं होतं. तिला तेवढंच समाधान आहे. त्या समाधानाची किंमत तिला अजून कोणी सांगितलेली नाही. मी कोणत्या तोंडानं सांगू? ते तुम्ही बसून ठरवा, बायकांनाही विचारा. आज मला एकच ठरवायचं आहे.

अमीनसाहेब, उद्याची वाट कशाला बघायची. तुम्ही समोर बसला आहात, माझी जबानी घ्या. झडप नामदेवनं फिरवली. कोणासाठी फिरवली? माझ्या बापासाठी. कोणाच्या रीतीनं? या गावाच्या. चक्री हळू का फिरवायची हे त्याला कोणी सांगितलं होतं का? कोणीही नाही. आणि वीजघरावर निरोप का गेला नाही? माझ्या घरातून गेला नाही. तो गेला असता तर मिस्त्रींना हाक मारून खाली बोलावलं असतं. नामदेवला कचेरीत न्यायचं असेल तर मलाही न्या. मी देशमुख आहे म्हणून नाही. ज्याच्यासाठी हे झालं त्याला मी अग्नी दिलाय म्हणून. जे काय लिहायचं ते दोघांच्या नावावर लिहा. कासीम मिस्त्रींच्या नावावर लिहू नका.

गाव माझ्यावर रागावेल. रागवा. नामदेवची आई दारात येऊन मला शिव्याशाप देईल. देऊ दे. त्याच्या पोरींची लग्नं माझ्या दारात होतील, एवढा शब्द मी आज देऊ शकतो. पण त्यानं शाप कमी होणार नाही हे मला ठाऊक आहे. मी इथून घरी जाईन तेव्हा मला बरं वाटत नसेल. आताही वाटत नाहीये.

नामदेव, मी तुला न विचारता हे बोललो. विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास, आणि मग लोक म्हणाले असते की मालकानं वदवून घेतलं. म्हणून...

थांबा. त्याला अडवू नका. सोडा त्याचा हात, उठू द्या त्याला. काय म्हणतोस, नामदेव? मोठ्यानं म्हण, मागच्यांना ऐकू जात नाही.

ऐकलंत मंडळी? तो म्हणतोय, "म्याच फिरवली, साहेब. मिस्त्रीला येत हुतं. मला येत न्हवतं." उपरणं काढून म्हणतोय.

बसू नकोस आता. उभाच राहा. आणि तुम्ही सगळे असे खाली माना घालून का बसलात? शोकसभेत शेवटी उभं राहायचं असतं ना? मग उठा. मास्तर, उठा. काझीसाहेब, तुम्ही आधीच उठलात, मी पाहिलं. चावडीतली थोर मंडळी, तुम्हीही उठा. नामदेवला एकट्याला उभं ठेवू नका. उद्या जबानीलाही असेच त्याच्या बाजूला उभे राहा आणि जे झालं तेच सांगा.

मिस्त्री, सलाम घ्या आमचा. आता कोणी काही बोलू नका, मीही बोलत नाही.